ऑटोमॅटिक ट्रकमध्ये गियर कसा निवडावा: बाण, ‘एम’ आणि उतारावरचा आकडा

“ऑटोमॅटिक आहे, ‘डी’ला टाक आणि विसरून जा.” नव्या ड्रायव्हरला हा सल्ला कोणी दिला की मला राग येतो. सपाट रस्त्यावर तो खपून जातो. पाठीवर वीस टन माल आणि समोर उतार असला की तोच सल्ला अंगाशी येतो. नकाशावरून चढ-उतार वाचणाऱ्या काही नव्या गाड्या सोडल्या, तर गियरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला फक्त या क्षणाचा वेग, इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि तुमच्या पायाचा दाब कळतो. वळणापलीकडे काय आहे ते तुम्हाला माहीत असते, म्हणून ते त्याला सांगायची जबाबदारीही तुमचीच. बाण, ‘एम’ आणि ‘मोड’ ही बटणे त्यासाठीच दिलेली असतात.

आधी गियरबॉक्सची जात ओळखा

दोन पेडलचे सगळे ट्रक एका जातीचे नसतात. एक जात टॉर्क कन्व्हर्टरची. तिच्यात इंजिनची ताकद तेलातून गियरबॉक्सपर्यंत पोचते आणि गियर बदलताना ओढ तुटत नाही. ॲलिसन कंपनीचे गियरबॉक्स या जातीचे. दुसरी जात एएमटीची. आत मॅन्युअलसारखेच गियर आणि क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायचे आणि गियर टाकायचे काम संगणक करतो. व्होल्वोचा २००१ मध्ये आलेला बारा गियरचा आय-शिफ्ट या जातीतला.

ओळखायचे कसे? भरलेली गाडी हळूहळू वेगात न्या. दर बदलाला ती क्षणभर ढिली पडून पुन्हा ओढू लागली, तर एएमटी. एकसलग ओढत राहिली, तर कन्व्हर्टर. हा फरक नीट लक्षात ठेवा, उतारावर तो पुन्हा लागणार आहे.

अक्षरे

‘आर’ रिव्हर्स, ‘एन’ न्यूट्रल, ‘डी’ (काही गाड्यांत ‘ए’) पुढे. ब्रेक दाबून, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना निवडायचे. ॲलिसनमध्ये इंजिन साधारण ९०० आरपीएमच्या वर असेल तर ‘एन’मधून गियर पडतच नाही आणि आकडा लुकलुकत राहतो. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा बडवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, आरपीएम खाली येऊ द्या, ‘एन’ करा आणि परत निवडा.

दोन आकडे

इथे बहुतेक जण फसतात. ॲलिसनसारख्या कन्व्हर्टरच्या गाडीत बटणांच्या पट्टीवरच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे असतात. डावा तुम्ही दिलेली वरची मर्यादा दाखवतो, उजवा गाडी या क्षणी कोणत्या गियरमध्ये आहे ते. सहा गियरच्या गाडीत ‘डी’ दाबला की डावीकडे ६ येतो आणि उभ्या गाडीत उजवीकडे १. खालचा बाण तीनदा दाबला की डावीकडे ३. त्याचा अर्थ एवढाच की “तिसऱ्याच्या वर जाऊ नकोस.” गाडी तरीही पहिल्यातूनच निघेल, दुसरा घेईल, तिसरा घेईल आणि तिथे थांबेल. मर्यादा काढायला ‘डी’ पुन्हा दाबा.

एएमटीमधला ‘एम’ वेगळा. तिथे अधिक-उणे दाबले की तो गियर प्रत्यक्ष पडतो आणि तुम्ही बदलेपर्यंत बहुधा तसाच राहतो. म्हणजे उतारावर आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जाऊ न देणे हे तुमचे काम. एका गाडीची सवय घेऊन दुसरीत बसणारे हमखास इथे चुकतात. कन्व्हर्टरवाला एएमटीत बसतो आणि गाडी वरचा गियर आपणहून घेईल म्हणून वाट बघतो. एएमटीवाला कन्व्हर्टरच्या गाडीत ३ दाबतो आणि तिसरा पडला असे धरून चालतो. उजवा आकडा बघायची सवय लावा. डावा ही तुमची मागणी, गाडीचे उत्तर उजवीकडे असते.

मोड

‘इकॉनॉमी’मध्ये वरचा गियर लवकर पडतो, ‘पॉवर’मध्ये उशिरा. भरलेली गाडी चढावर असेल तर पॉवर, एरवी इकॉनॉमी. दोन्ही बाण एकदम दाबले की काय होते, असे कोणीतरी नेहमी विचारते. सेन्सर असलेल्या ॲलिसनमध्ये त्याने गियर ऑइलची पातळी दिसते. सपाट जागा, ‘एन’, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिन आयडलवर आणि तेल खाली बसायला दोन मिनिटे. चालत्या गाडीत हा खेळ करू नका.

उतार

आता मुख्य भाग. हा शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुरुवातीच्या दिवसांत मी भरलेली गाडी घेऊन एका लांब उतारावर आलो. ‘डी’मध्ये होतो, चौथा गियर. माथ्यावर वेग कमी वाटला म्हणून काहीच केले नाही. अर्ध्या किलोमीटरवर इंजिनचा आवाज चढला, तेव्हा खालचा बाण तीनदा दाबला. डावीकडे ३ आला. उजवीकडे ४ तसाच. पुन्हा दाबला, डावीकडे २, उजवीकडे ४. गियरबॉक्स बिघडला असे वाटून मी ब्रेक धरून ठेवला. पहिल्या वळणानंतर पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, दुसऱ्यानंतर चाकांकडून जळका वास यायला लागला. गाडी बाजूला घेऊन थांबलो तेव्हा ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेववत नव्हता.

गियरबॉक्स अगदी ठीक होता. ॲलिसनच्या ३००० मालिकेत चौथ्याचे प्रमाण (गियरबॉक्सबाहेरच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे) १.००, तिसऱ्याचे १.४१ आणि दुसऱ्याचे १.८६. चौथ्यात १८०० आरपीएम असताना तिसरा पडला तर इंजिन त्याच वेगाला २५४० च्या आसपास जाईल. मोठ्या डिझेल इंजिनला ते झेपत नाही, म्हणून गियरबॉक्स मागणी लक्षात ठेवतो आणि वेग पुरेसा उतरेपर्यंत थांबतो. तेच चौथ्यात १४०० असताना मागितले असते, तर तिसऱ्यात १९७५ झाले असते आणि बदल लगेच झाला असता. म्हणजे खालचा गियर हवा असेल तर आधी ब्रेकने वेग उतरवायचा, मग बाण दाबायचा. मी उलटे केले.

याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. डावीकडे ३ असतानाही इंजिनचा वेग मर्यादेबाहेर जायला लागला, तर असा गियरबॉक्स इंजिन वाचवण्यासाठी चौथा घेऊ शकतो. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी इंजिनची पकड कमी होते. बाण दाबून ठेवला म्हणजे गाडी त्या गियरमध्ये बांधली गेली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वेग ब्रेकने आवाक्यात ठेवला तरच ती मर्यादा टिकते.

एएमटीत धोका वेगळा आहे. गियर बदलताना क्लच सुटतो आणि तेवढा क्षण इंजिनची पकड शून्य होते. तीव्र उतारावर भरलेली गाडी त्या क्षणात वेग पकडते. मग मागितलेला गियर त्या वाढलेल्या वेगाला बसेनासा होतो. म्हणून एएमटीत उताराच्या मध्यावर गियरशी खेळणे मी कोणालाही सुचवणार नाही.

दोन्ही जातींसाठी उत्तर एकच आहे: गियर माथ्यावर निवडा. उतार सुरू होण्याआधी वेग उतरवा, बाण किंवा ‘एम’ वापरून गियर खाली आणा, उजवा आकडा (एएमटीत पडद्यावरचा गियर) बदललेला डोळ्यांनी बघा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता गाडी रोखणारी यंत्रणा) चालू करा आणि मगच गाडी उताराला लावा. एक्झॉस्ट ब्रेकची ताकद आरपीएमबरोबर वाढते, त्यामुळे खालच्या गियरमध्ये तोच ब्रेक जास्त धरतो. काही गाड्यांत तो चालू केला की गियरबॉक्स स्वतःहून खालचा गियर शोधतो. तुमची गाडी तसे करते का, ते रिकाम्या गाडीवर आधी बघून ठेवा.

कोणता गियर? “ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा” हा जुना नियम अजून जोरात सांगितला जातो. तो जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनांसाठी ठीक होता. आजचे इंजिन ताकदवान आहे, त्यामुळे तोच चढ ते वरच्या गियरमध्ये चढते. शिवाय घर्षण कमी आणि गाडीचा आकार वारा कापणारा, त्यामुळे उतारावर ती आपोआप कमी रोखली जाते. चढताना चौथा लागला असेल तर उतरताना तिसरा धरा, भार जास्त असेल तर दुसरा. गियर फार खालचा निवडला तर चार मिनिटे उशीर होईल. वरचा निवडला तर सगळे ओझे ड्रमवर येते.

ते ओझे किती असते ते एकदा आकड्यांत बघा. २५ टनांची गाडी ६ टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने उतरते, तेव्हा गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १६० किलोवॉट, म्हणजे साधारण २२० अश्वशक्तीने पुढे ढकलत असते. टायर आणि वारा त्यातला थोडा भाग खातात. उरलेला इंजिन, रिटार्डर किंवा ब्रेक यांनी उष्णता करून बाहेर टाकायचा असतो. वेग ताशी ६० केला की तोच आकडा २४० च्या पुढे जातो. ब्रेकचे ड्रम लांब उतारभर एवढी उष्णता सोसू शकत नाहीत.

ब्रेक लागेलच, पण धरून ठेवायचा नाही. ४० चा वेग ठरवला असेल तर ४० ला ठाम दाबा, तीन-चार सेकंदांत ३२ पर्यंत आणा आणि पूर्ण सोडा. गाडी परत ४० वर आली की पुन्हा. दाबण्याच्या वेळा फार लवकर लवकर येऊ लागल्या, तर गियर चुकलाय असे समजा. मग आणखी वेग उतरवा आणि एक गियर खाली या, किंवा जागा मिळताच थांबा.

ओल्या, निसरड्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर रिटार्डर बंद ठेवा. त्याची पकड फक्त ड्राइव्हच्या चाकांवर येते आणि मागचा भाग घसरू शकतो. आणि न्यूट्रल करून उतार सोडणे मला कधीही, कुठल्याही गाडीत मान्य नाही. डिझेल वाचवायला म्हणून लोक ते करतात. पण गियरमध्ये पाय सोडलेला असताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि डिझेल घेत नाही. न्यूट्रलमध्ये त्याला आयडलवर चालायला डिझेल लागते. डिझेल जाते आणि पकडही जाते. हलक्या उतारावर काही एएमटी स्वतःहून ड्राइव्ह सोडतात, ती वेगळी गोष्ट. तिथे संगणक लक्ष ठेवून असतो आणि एक्झॉस्ट ब्रेक लावताच ड्राइव्ह परत जोडतो.

चढ

गाडी दोन गियरमध्ये वर-खाली करत राहिली तर खालच्यावर मर्यादा घाला. चढावर थांबायचे असेल तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. एएमटीत त्या तोलण्याने क्लच प्लेट जळते, कन्व्हर्टरमध्ये तेल तापते.

थांबताना

मोठ्या ट्रकांच्या अनेक गियरबॉक्समध्ये ‘पी’ नसतो. कारची सवय असलेला माणूस गाडी ‘डी’मध्ये ठेवून उतरतो आणि गाडी त्याच्यामागे चालू लागते. पायाचा ब्रेक दाबून पूर्ण थांबा, ‘एन’ करा, पार्किंग ब्रेक लावा, पडद्यावर ‘एन’ आला का बघा. मग पाय हळूच उचला आणि गाडी दोन बोटेही सरकली नाही याची खात्री करूनच दार उघडा.