होडीनं मासे खायला निघालाय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, हे आपल्याकडचं शाळकरी पोरही सांगतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे पाठच असतात. पण गगनबावड्याचा घाट उतरून मालवणकडे गेलो की खाडीत पाणी किती, हे विचारायचं आपण साफ विसरतो. पंचगंगा पावसावर चढते. खाडी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. देवबागला कर्ली खाडीच्या काठावर होडीनं जेवायला जाताना सगळ्यात मोठी चूक इथंच होते. आपण वेळ भुकेवर ठरवतो.

आम्हीही तेच केलं. मुद्दाम पौर्णिमा धरली, म्हणजे येताना चांदणं मिळेल. खाडीपलीकडच्या भोगव्याच्या बाजूनं साडेपाचला निघालो. काठ पन्नास पावलांवर आला आणि होडीखाली खर्र असा आवाज झाला. होडीवाल्यानं झटक्यात इंजिन वर उचललं, पंखा वाळूत जाऊ नये म्हणून. पण होडी बसली ती बसलीच. धाकटा भाऊ पँट दुमडून उतरायला लागला, तसा होडीवाल्यानं त्याचा दंड धरला. "बसा हो, खाली चिखल आसा. पाय रुततलो." समोर तव्यावर सुरमई चुरचुरतेय, वास येतोय आणि आम्ही नऊ जण जागेवर. पाणी चढायला तास लागला. आत्याचं पित्त खवळलं ते वेगळंच.

कोकणात याचा सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. त्या दिवसांत भरती जेवढी वर येते, ओहोटीही तेवढीच खोल जाते. म्हणजे चांदण्यासाठी जो दिवस आपण हौसेनं निवडतो, त्याच संध्याकाळी खाडीचा तळ वर आलेला असतो.

त्यापेक्षा शुद्ध दशमी किंवा द्वादशी धरा. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊच्या आसपास भरती, त्यामुळे जाताना आणि येतानाही होडीखाली पाणी राहतं. चांदणंही बऱ्यापैकी असतं. मधली एकादशी उपासवाल्यांनी सोडलेली बरी! हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून वेळ त्यालाच ठरवू द्या. टेबल त्यानंतर सांगा.

दुसरी चूक परतीची. जायचं ठरतं, यायचं गृहीत धरलं जातं. अंधार पडल्यावर होडी काढणार का, हे निघण्याआधीच विचारा. तो नाही म्हणाला तर घासाघीस करू नका, जास्त पैशांचं आमिष तर मुळीच दाखवू नका. खाडी समुद्राला मिळते तिथं वाळूचे दांडे आहेत, ओहोटीची ओढ आणि समोरून येणारी लाट तिथं एकमेकांवर आदळतात, आणि रात्री ते दिसत नाही. अशा वेळी एकानं गाडी रस्त्यानं फिरवून पलीकडे आणून ठेवावी. वळसा मोठा पडतो, पण जाताना होडी आणि येताना गाडी हाच आमचा आता कायमचा बेत.

कोल्हापुरातून दुपारी दोनला निघून सहाची होडी गाठू, असं म्हणणारे दर वेळी भेटतात. घाटात एक ट्रक बंद पडला की झालं. सकाळी निघा. जूनपासून ऑगस्टपर्यंत हा बेतच नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो.

लाइफ जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवू नका, बकल लावा. लहान पोराला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं, म्हणून मुलांचं माप आधी सांगून ठेवा. काठ आला की सगळे एकदम उठतात, होडी तिथंच कलते. एकेकानं उतरा. हात देताना बोटं धरू नका, मनगट धरा.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या-पांढऱ्याची अपेक्षा घरी ठेवून जा. मासा आधी बघा, भाव विचारा, मग तव्यावर टाकायला सांगा. कुर्ल्यांना, म्हणजे खेकड्यांना, वेळ लागतो, त्या फोनवरच सांगून ठेवा. पौर्णिमेला कुर्ल्या पोकळ लागतात असं तिथले लोक म्हणतात, त्या दिवशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घ्या. परत होडीनंच यायचं असेल तर दारू नको आणि पोट थोडं रिकामं ठेवा. सोलकढीची दुसरी वाटी मात्र खुशाल घ्या.