गावच्या ओव्या नोंदवायच्या आहेत, पैसा कसा उभा करायचा?

गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पहाटेच्या ओव्याही त्याबरोबर थांबल्या. ज्यांना त्या पाठ आहेत, त्यांतल्या बहुतेक जणी आता सत्तरीच्या पुढे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून हजाराहून अधिक गावांतल्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह वाचायला मिळतात, कित्येक ऐकायलाही. आपल्या गावापुरतं असं काम करायचं असेल, तर पैशाची वाट अशी काढा.

१. आधी जागा ठरवा
पैसे मागण्यापूर्वी ध्वनिमुद्रणं शेवटी कुणाकडे राहणार ते पक्कं करा. विद्यापीठाचा विभाग, जिल्ह्यातलं जुनं ग्रंथालय किंवा गुरुग्रामचं संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय ‘एआरसीई’ (आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) यांना पत्र लिहा. ‘आम्ही हे स्वीकारू’ असं एका ओळीचं उत्तर आलं तरी अर्जाचं वजन वाढतं. फाइल कशा हव्यात तेही त्यांनाच विचारा. मूळ प्रत सहसा वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटची मागतात. एमपी३ फक्त वाटण्यासाठी.

२. पाच मिनिटांचा नमुना करा
एका आजीकडे जा, पंखा बंद करा, जात्याजवळ बसा. नुसतं समोर बसून ‘ओवी सांगा’ म्हटलं तर आठवत नाही. खुंटा हातात आला की ओळीमागून ओळ येते. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून तीच ओवी जातं थांबवून पुन्हा म्हणवून घ्या. मग बोलीतले शब्द न सुधारता ती जशीच्या तशी लिहून काढा. दहा पानी प्रस्तावापेक्षा हा नमुना जास्त बोलतो.

३. संमती
कागद मराठीत हवा, तो वाचून दाखवायचा आणि गाणारणीचा होकारही ध्वनिमुद्रित करायचा. ओवीत सासरचा जाच येतो, नवऱ्याची मारहाण येते, माणसं नावानिशी येतात. कोणती ओवी जाहीर करायची नाही हे तिनेच ठरवावं, आणि नंतर मन बदललं तर ती काढून घेता यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला स्वतःचा हक्क दिला आहे. तो कागदात मोघम ठेवू नका.

४. अंदाजपत्रक
बहुतेकांचं इथेच चुकतं. यंत्राची किंमत ठळक लिहितात आणि माणसांचे पैसे विसरतात. रेकॉर्डर एकदाच घ्यायचा असतो, उसना मिळाला तर तोही नको. खरा खर्च मुद्रण ऐकून ओव्या लिहून काढण्याच्या कामाचा आहे: एका तासाच्या मुद्रणाला पाच-सहा तास सहज जातात, बोली अवघड असेल तर त्याहून जास्त. हे काम गावातल्याच शिकलेल्या मुलीला द्या आणि पुरता मोबदला द्या. गाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा तिचं मानधन मजुरीपेक्षा कमी नको. चहा-नाश्त्यावर भागवणं मला अन्याय वाटतो. शिवाय प्रवास, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या तीन प्रती, हिशेब तपासनिसाची फी आणि दहा टक्के अडीअडचणीसाठी धरा.

५. कुणाकडे मागायचं
सुरुवात घरातून: उत्सव समिती, बचत गट, गावचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. रक्कम लहान असेल, पण गावाने स्वतः घातलेला पैसा बाहेरच्या देणगीदाराला विश्वास देतो.

बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, तोही मराठीत. संस्कृती मंत्रालयाची अमूर्त वारशाच्या जतनाची योजना संगीत नाटक अकादमी राबवते. त्या वर्षी अर्ज मागवलेत का ते आधी पाहा. घरात जुनी हस्तलिखितं, बाडं सापडली, तर ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या जुन्या दप्तरांसाठीचा अनुदान कार्यक्रम आहे. नव्या ध्वनिमुद्रणासाठी तो नाही. परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते.

कंपन्यांच्या सीएसआर निधीची, म्हणजे नफ्यातून सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाची, बरीच चर्चा होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचं जतन येतं आणि कंपन्या आसपासच्या भागाला प्राधान्य देतात, म्हणून तालुक्यातल्या एमआयडीसीपासून सुरुवात करा. मात्र निधी घेणाऱ्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी (दोन्ही आयकराच्या सवलतीसाठी) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठी) नोंदणी आणि सहसा तीन वर्षांचं काम लागतं. चार मित्रांच्या गटाने नवी संस्था काढण्यापेक्षा ओळखीच्या जुन्या नोंदणीकृत संस्थेबरोबर लेखी करार करून अर्ज करावा.

६. अर्ज
‘लोप पावत चाललेला अमूल्य ठेवा’ असं लिहू नका. ते प्रत्येक अर्जात असतं. किती वाड्या, किती बायका, किती तास, कोण लिहिणार, कुठे ठेवणार, हे आकड्यांत सांगा. वेळापत्रकात लावणी, सुगी आणि वारीचे दिवस मोकळे सोडा, त्या दिवसांत कुणी घरी भेटत नाही.

७. पैसे आल्यावर
वेगळं बँक खातं, प्रत्येक मानधनाची सही किंवा अंगठा घेतलेली पावती. सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावरच येतो आणि उशीर होतोच; दोन महिने पुरेल एवढी तजवीज आधी करा.

अंदाजपत्रकात मेमरी कार्डांसाठीही एक ओळ घाला. प्रत्येक गाणारणीला तिच्या ओव्यांची प्रत घरातल्या फोनवर वाजेल अशी द्या, आणि ती वाजते का ते तिच्यासमोर बसून एकदा लावून बघा.