मानसोपचार वॉर्डात रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी

मानसोपचार वॉर्डात मी नवीन रुजू झाले तेव्हा सुरक्षितता म्हणजे कुलपे, किल्ल्या आणि जेवणानंतर मोजून घेतलेले चमचे, एवढीच माझी समजूत होती. ती एका मे महिन्यात बदलली. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) चालू असलेल्या एक बाई दोन दिवस ‘हात थरथरतात, पोट बिघडलंय’ असे सांगत होत्या. पण त्यांना एरवीही तक्रारी करण्याची सवय असल्यामुळे आम्ही ते केसपेपरवर लिहिण्याऐवजी हसण्यावारी नेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, तेव्हा कुठे रक्त तपासणीला गेले आणि लिथियमची पातळी १.५ mEq/L या धोक्याच्या रेषेच्या बरीच वर निघाली. घाम आणि जुलाब यांमुळे शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात, आणि अंगदुखीवर सहज दिलेली डायक्लोफिनॅकची गोळीही त्यात भर घालते, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिले होते. समोरच्या बाईंच्या बोलण्याशी ते ज्ञान जोडले मात्र नव्हते. बाई वाचल्या.

म्हणून ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती) घेताना ‘पेशंट शांत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. काय खाल्ले, किती पाणी प्यायले, झोप आणि शौच कसे झाले, आणि मुख्य म्हणजे रुग्ण स्वतः काय म्हणाला, हे विचारून घ्या. शांत दिसणारा रुग्ण कधी औषधाच्या गुंगीत असतो, तर कधी मनाशी काही ठरवून बसलेला असतो. आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही भीती निराधार आहे; तेव्हा विचारावे, आणि रात्रीच्या फेऱ्या घड्याळाच्या ठोक्यावर न मारता वेळा बदलून माराव्यात, म्हणजे पुढची फेरी कधी हे रुग्णाला ओळखता येत नाही.

रुग्णाला बांधून ठेवण्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९७ मुळातून वाचा. तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, नोंद करून आणि सतत देखरेखीखाली ते करता येते. शिक्षा म्हणून नाही, आणि कर्मचारी अपुरे आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचे वाक्य वाचून जुने कर्मचारी हसतील, कारण रात्री चाळीस खाटांना एकच सिस्टर असते तेव्हा त्यांनी काय केले आहे, हे त्यांना ठाऊक असते. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खासगी निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा तेथील मनोरुग्ण साखळीने बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही. तेव्हा मनुष्यबळ कमी असेल, तर ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

त्या बाईंच्या प्रकरणानंतर आम्ही एकच बदल केला. मार्च उजाडला की लिथियमवरील प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे ओव्हरच्या वहीत ‘पाणी, जुलाब, थरथर’ असे तीन रकाने आखले जातात, आणि ते रुग्णाला विचारूनच भरायचे असतात.