फ्रँक अहर्नचं चरित्र एका पानात कसं बसवायचं

गिरगावातल्या आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी यंदा मला फ्रँक अहर्न लिहायचा होता. कॅनडातल्या ओटावा सिनेटर्स या हॉकी संघाचा मालक, पुढे खासदार. पान एकच. तुमच्यावरही असं काम आलं, तर माझे घोटाळे आधी वाचा.

पहिला मसुदा पुतणीला वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला ती म्हणाली, "काका, ध्यानचंदवाली हॉकी ना?" म्हणून माणसाआधी खेळ सांगा. बर्फाचं मैदान, पायात स्केट्स, एका बाजूला सहा जण. चेंडू नाही, रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड. मी कॅरमबोर्ड काढला, पावडर भुरभुरवली आणि स्ट्रायकर सोडला. "पक म्हणजे याचा थोरला भाऊ." मग तिने काही विचारलं नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. मी बिनधास्त 'सिनेटर अहर्न' लिहून मोकळा झालो होतो. सिनेटर्स हे संघाचं नाव. तो स्वतः निवडून गेला तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, लिबरल पक्षाकडून. १९३० ते १९४० असा तिथे होता.

जन्म १८८६, वडील थॉमस अहर्न ओटावात विजेची ट्राम आणणारे. याला एक ओळ पुरे.

खरी जागा द्या १९३० ला. आयपीएलमुळे मालक म्हटलं की आपल्याला लिलावात पॅडल उचलणारा दिसतो. हा विकणारा. १९२७ मध्ये संघाने स्टॅनली कप, म्हणजे या हॉकीतला सर्वात मानाचा चषक, जिंकला, पण लीगमध्ये अमेरिकेतली मोठी शहरं आली होती. प्रवासाचा खर्च वाढला, आणि ओटावा पडलं छोटं गाव, तिकिटं खपून खपून किती खपणार? जुलै १९३० मध्ये अहर्न खासदार झाला आणि ऑक्टोबरात त्याने लोकांचा लाडका खेळाडू किंग क्लॅन्सी टोरांटोच्या संघाला विकला. ३५,००० डॉलर आणि वर दोन खेळाडू. मंदीतली रक्कम आहे ही! टोरांटोचा संघ चालवणाऱ्या कॉन स्माइथने पैशांची जुळवाजुळव करताना आपल्या घोडीने शर्यतीत मिळवून दिलेली कमाईही घातली होती. महालक्ष्मीला जाणारा वाचक इथे मान वर करतोच.

तरी १९३१-३२ च्या हंगामात संघ उतरलाच नाही, आणि १९३४ मध्ये सेंट लुईसला गेला. अहर्न १९६२ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याचं नाव हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या नामवंतांच्या मानाच्या यादीत, गेलं होतं.

माझ्या पानात क्लॅन्सीने अर्धी जागा खाल्ली. उरलेल्या कोपऱ्यात स्टिकचं चित्र येणार आहे. ती ध्यानचंदची नको, लांब दांड्याची आणि सपाट पात्याची हवी, एवढं आमच्या चित्रकाराला आजच फोन करून सांगतो.