‘गेट द बॉल रोलिंग’ नेमकं कधी आणि कसं वापरायचं?

मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात, आधी कोणी बोलायचं हेच ठरत नाही, आणि मग एकजण म्हणतो "ओके, आय विल गेट द बॉल रोलिंग" आणि स्वतःच बोलायला लागतो. ऐकताना अर्थ बरोब्बर कळतो, पण आपण वापरायला गेलो की गडबड होते.

तर आधी अर्थ पक्का करा. सुरूच न झालेल्या कामाला पहिला धक्का देऊन ते चालू करून देणं, बस एवढंच. म्हणजे आपला श्रीगणेशा करणे का? बऱ्यापैकी तेच, पण मला थोडा फरक वाटतो. श्रीगणेशा एकट्याचाही असतो, आजपासून डायरी लिहायला घेतली तरी श्रीगणेशाच, पण बॉल रोलिंगमध्ये बहुतेक वेळा एकजण ढकलतो आणि पुढे बाकीचे हात लावतात असा भाव असतो. आणि काम पूर्ण केलं असं सांगायला हे वापरू नका, हे फक्त सुरुवातीपुरतं आहे.

सुरू झालेलं चालू ठेवायचं असेल तर गेटच्या जागी कीप येतं, ‘कीप द बॉल रोलिंग’. याची एक भारी गोष्ट आहे. १८४० च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचे समर्थक माणसापेक्षा उंच गोळे खरोखर ढकलत गावोगाव न्यायचे आणि ‘कीप द बॉल रोलिंग’ अशा घोषणा द्यायचे. हॅरिसन जिंकले पण (अध्यक्ष म्हणून जेमतेम महिनाभर जगले बिचारे). वाक्प्रचार तिथेच जन्मला असंही सांगतात, पण बॉल चालू ठेवायची भाषा इंग्रजीत त्याच्या आधीपासून होती, त्या प्रचाराने ती गाजवली म्हणा.

आता वाक्य बनवा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे मेलची सुरुवात: "टू गेट द बॉल रोलिंग, आय हॅव मेड अ रफ ड्राफ्ट." कशाची सुरुवात ते सांगायचं असेल तर पुढे ऑन लावा, "लेट्स गेट द बॉल रोलिंग ऑन द रिपोर्ट". सुरुवात आधीच करून झाली असेल तर गेटचं गॉट करा, "शी गॉट द बॉल रोलिंग". रोलिंग मात्र कधीच बदलत नाही, आणि ‘द’ पण गाळायचा नाही, ‘अ बॉल’ म्हटलंत की समोरचा खरंच बॉल शोधेल. गेटऐवजी सेट किंवा स्टार्ट म्हटलं तरी चालतं.

एक घोळ हमखास होतो, तो म्हणजे ‘द बॉल इज इन युवर कोर्ट’शी. त्याचा अर्थ आता निर्णय तुझ्याकडे, मी माझं केलं. दोन्हीत बॉल आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं टाकलं तर समोरच्याला वाटेल तुम्ही हात झटकताय.

आणि हो, पंखा लावण्यासारख्या बारीकसारीक कामाला हे वापरू नका, हास्यास्पद वाटतं. उलट दुसऱ्या कोणी पुढाकार घेतला असेल तर उत्तरात "थँक्स फॉर गेटिंग द बॉल रोलिंग" लिहा, फॉरनंतर गेटिंगच येतं, तिथे गेट लिहायचं नाही.