गुलामांची जोडी हातात आली की…

आमच्याकडे होल्डेम पोकर शिकायला बसणारे बहुतेक जण तीनपत्ती आणि रमी खेळून आलेले असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलंही गाव घ्या, गणपतीच्या जागरणात पत्ते पिसले नाहीत असा माणूस विरळा. मीही त्याच मंडपातून आलोय. त्यामुळे पानांची ओळख, समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष, चाल वाढवायची हिंमत हे सगळं आपल्याकडे आधीपासून असतं. मात्र एक सवयही सोबत येते, आणि ती मधल्या-वरच्या जोड्यांपाशी नडते. एक्क्यांची जोडी कशी खेळायची हे मला क्वचितच कुणी विचारतं. विचारतात ते गुलाम, दश्शी आणि नव्वीच्या जोडीबद्दल. आणि प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो: "गुलामांची जोडी हाय, आता सोडू कशी सांग की!"

तीनपत्तीत तीन पानं हातात आली की तुमचा हात ठरला. जोडी किंवा तिच्याहून चांगलं काही साधारण चारातून एकदाच येतं, म्हणून गुलामांची जोडी दिसल्यावर चाल वाढवत राहणं तिथं योग्यच आहे. होल्डेममध्ये तुमच्याकडे दोनच पानं असतात, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात: तीन पानांचा फ्लॉप, मग टर्न, मग रिव्हर. प्रत्येक उघडणाऱ्या पानासोबत तुमच्या जोडीची किंमत बदलते. सुरुवातीची दोन पानं १३२६ प्रकारे येऊ शकतात, त्यांतली गुलामांची जोडी फक्त ६ प्रकारे, म्हणजे २२१ डावांत एकदा. इतक्या वाट पाहण्यानंतर आलेली जोडी टाकवत नाही, हे मला समजतं. पण ती दुर्मिळ आहे म्हणून ती जिंकते असं नाही.

आता फ्लॉपकडे बघा. तुमच्याकडे गुलामांची जोडी असेल तर राणी, राजा, एक्का मिळून १२ पानं तिच्या वरची. फ्लॉपच्या तीन पानांत यांतलं निदान एक येण्याची शक्यता ५७ टक्के. दश्शीच्या जोडीला हीच शक्यता जवळजवळ ७० टक्के, नव्वीच्या जोडीला ७९. राणीच्या जोडीला मात्र ४१. राणी आणि गुलाम यांच्यात एकाच पायरीचं अंतर आहे, पण राणीच्या जोडीवर निम्म्याहून जास्त वेळा वरचं पान येत नाही आणि गुलामाच्या जोडीवर निम्म्याहून जास्त वेळा येतं. म्हणून गुलामांना राण्यांसारखं खेळू नका, आणि नव्वीला गुलामांसारखं खेळू नका. तिसरं तसंच पान येऊन सेट होण्याची शक्यता फ्लॉपवर १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. बाकीच्या साडेसात वेळांचं काय करायचं, हे शिकायला हवं.

फ्लॉपच्या आधीचं पहिलं सांगतो. तुमच्या आधी कुणी रेझ केलेलं (दाव वाढवलेला) नसेल तर गुलामांनी कुठल्याही जागेवरून रेझ करा, यात दुमत नाही. नुसतं ब्लाइंडइतकं (ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने ठेवायची रक्कम, एक छोटी, एक मोठी) टाकून आत शिरलात तर मागून चार जण स्वस्तात येतात, आणि त्या चौघांपैकी कुणाकडे ना कुणाकडे फ्लॉपला लागणारं वरचं पान असतंच. गुलामांना एक, फार तर दोन विरोधक चांगले. अनोळखी पानांच्या एकाच विरोधकासमोर ही जोडी ७७ टक्के वेळा जिंकते. विरोधक वाढतील तसा हा आकडा झपाट्याने खाली येतो.

आधी कुणी रेझ केलेलं असेल तर तो कुठल्या जागेवर बसलाय, म्हणजे त्याची पाळी आधी येते की शेवटी, ते बघा. नऊ जणांच्या टेबलावर अगदी पहिल्या जागेवरून रेझ करणारा शहाणा खेळाडू चांगलीच पानं घेऊन आलेला असतो; त्याच्यावर परत रेझ केलं तर तुमच्याहून कमी असलेली पानं तो टाकतो आणि वरची ठेवतो. तिथं मी कॉल करतो, म्हणजे त्याच्याइतकंच टाकतो. तोच माणूस शेवटच्या दोन जागांवरून रेझ करत असेल तर त्याच्याकडे निम्मं काहीबाही असतं, तिथं परत रेझ करायलाच हवं. नव्वीच्या जोडीला पहिल्या जागेच्या रेझवर कॉल करायचा तो मुख्यतः सेटसाठी. त्यासाठी मी एक माप वापरतो: कॉलच्या निदान पंधरापट चिप्स दोघांकडेही मागे शिल्लक हव्यात. ३०० चा कॉल असेल तर ४५०० मागे हवेत. नसतील तर सेट लागूनही खर्च निघत नाही.

परत रेझ केल्यावर समोरच्याने सगळ्या चिप्स ढकलल्या तर? इथं मनाला विचारू नका, कागदाला विचारा. ब्लाइंड ५० आणि १००, दोघांकडे १०,००० चिप्स. त्याने ३००, तुम्ही १०००, तो ऑल-इन. तुम्हाला आणखी ९००० टाकायचे आहेत, आणि तुमचे आणि ब्लाइंडचे धरून पॉट, म्हणजे मधली एकूण रक्कम, होईल २०,१५०. म्हणजे कॉल परवडायला तुम्ही ४५ टक्के वेळा जिंकायला हवं. समोरचा घट्ट खेळणारा असेल आणि फक्त राणी, राजा, एक्क्याच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यावरच ढकलत असेल, तर तुम्ही जिंकता ३६ टक्के. फोल्ड, म्हणजे पानं सोडून द्या. त्याच्या यादीत दश्शीची जोडी आणि एक्का-राणीही असेल तर तुमचे होतात साधारण ४६ टक्के, आणि मग कॉल जेमतेम पुरतो. पानं तीच, चिप्स त्याच, फरक फक्त माणसात. म्हणून टेबलावर पहिला अर्धा तास कोण काय दाखवतो याची नोंद ठेवणं मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

फ्लॉपवर वरचं पान आलं की नवा खेळाडू दोन टोकांपैकी एकावर जातो. एक तर 'गेलं सगळं' म्हणून लगेच टाकतो, नाहीतर 'माझी जोडी आहे' म्हणून रिव्हरपर्यंत कॉल करत बसतो. दोन्हीच्या मधला रस्ता मोजणीचा आहे. एक डाव सविस्तर सांगतो, कारण याच्यासारखाच डाव तुम्हाला वारंवार भेटणार आहे.

तुम्ही बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी पाळी येणाऱ्या जागेवर, हातात इस्पिकचा आणि चौकटचा गुलाम. पहिल्या जागेवरून एका विचारी खेळाडूने ३०० केले, तुम्ही कॉल केला, बाकी सगळे गेले. ब्लाइंड धरून पॉट ७५०. फ्लॉप: किलवरचा राजा, चौकटची सत्ती, बदामाची तिर्री. तो २५० टाकतो. कॉल केला तर पॉट १२५० होईल, म्हणजे २० टक्के वेळा जिंकलात तरी पुरे.

आता त्याची पानं मोजा. तुम्हाला हरवणारी: एक्क्यांची जोडी ६ प्रकारे, राजाची जोडी ३ प्रकारे, कारण एक राजा टेबलावर आहे, राणीची जोडी ६, एक्का-राजा १२, एकाच रंगाचे राजा-राणी ३, सत्तीची जोडी ३. एकूण ३३. तुम्ही हरवता ती: दश्शी, नव्वी, अठ्ठीच्या जोड्या प्रत्येकी ६, म्हणजे १८, एक्का-राणी १६, एकाच रंगाचे एक्का-गुलाम २, कारण दोन गुलाम तुमच्या हातात आहेत. एकूण ३६. राजा समोर पडलेला असूनही निम्म्याहून थोड्या जास्त वेळा तुम्ही पुढे आहात! एक्का-राणीला अजून एक्का किंवा राणी लागू शकते, म्हणून खरा आकडा थोडा कमी धरा. तरी २० टक्क्यांच्या तो कितीतरी वर आहे. इथं जो घाबरून टाकतो तो आपल्या हक्काचे पैसे देऊन येतो. कॉल.

टर्नला इस्पिकची दुर्री. त्याने कुणाचंच काही बदललं नाही. पॉट १२५०, आणि तो ९०० टाकतो. आता ३० टक्के लागतात, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याची यादीच बदलली. राजा टेबलावर असताना, आधीचा दाव तुम्ही कॉल केलेला असताना, दश्शी-नव्वी घेऊन ९०० कोण टाकेल? राणीची जोडीही बहुधा चेक करते, म्हणजे दाव न टाकता पाळी पुढे देते. हरवणाऱ्या ३३ मधून राणीच्या ६ वजा केल्या, राहिल्या २७. तुम्ही हरवता त्या ३६ मधून उरते फक्त धाडसाने ढकलणारी एक्का-राणी, तीही १६ पैकी ४ धरू. ३१ मधले ४, म्हणजे १३ टक्के. फोल्ड, आणि मन शांत ठेवून फोल्ड. तोच खेळाडू प्रत्येक डावात तिन्ही वेळा ढकलणारा असेल तर १६ पैकी १६ धरा, जोड्याही धरा, आणि कॉल करा. तो टर्नला चेक करेल तेव्हा मी बहुतेकदा चेकच करतो. पॉट लहान ठेवायचा आणि रिव्हरला एक मध्यम दाव आला तर कॉल करायचा. गुलामांच्या जोडीतून अशा टेबलावर एक, फार तर दोन दावांची कमाई होते. तीन मोठे दाव घालायची तिची ताकद नाही.

तीन-चार जण फ्लॉपमध्ये असतील आणि एक्का किंवा राजा उघडला, कुणीतरी दाव टाकला, दुसऱ्याने कॉल केला, तर वरची सगळी मोजणी बाजूला ठेवा आणि पानं टाका. तिथं विचार करण्यासारखं काही उरत नाही.

उलट चूक खालच्या फ्लॉपवर होते, आणि ती मला जास्त खटकते, कारण तिचा तोटा दिसत नाही. नव्वी, छक्की, दुर्री उघडली, त्यात दोन पानं बदामाची. तुमचे गुलाम सगळ्यांच्या वर. नवा खेळाडू इथं चेक करतो, 'फसवू त्याला' म्हणून. पण पुढच्याच पानावर राणी, राजा किंवा एक्का येण्याची शक्यता चारातून एक आहे, शिवाय बदामाचं पान वेगळंच. आत्ता दश्शीची जोडी, एक्का-नव्वी, दोन बदामाची पानं, सगळे कॉल करायला तयार आहेत. टर्नला राजा पडला की यांतले निम्मे थांबतात. पॉटच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत दाव टाका, आणि टर्न साधा आला तर पुन्हा टाका. गुलामांची कमाई इथंच आहे.

स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात तेव्हा हा सगळा बारकावा गळून पडतो. तुमच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या १५ पट चिप्स उरल्यात, कुणी रेझ केलं, हातात गुलाम किंवा दश्शी, तर सगळ्या चिप्स आत. फ्लॉप बघून ठरवू म्हणण्याइतक्या चिप्सच शिल्लक नसतात. एक्का-राजाने कॉल केला तरी तुम्ही ५४ ते ५७ टक्के पुढे असता. अपवाद एकच: बक्षिसात यायला एक-दोन जण कमी व्हायचे असतील आणि समोरून तुमच्याहून मोठ्या चिप्सवाला आधीच ऑल-इन गेलेला असेल, तर तिथं जोडी टाकून देणं योग्य ठरू शकतं.

सराव कुठं करायचा हे बेळगावकरांना वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे मोबाइलवर पैसे लावून खेळायचा विषय संपला. 'बाहेरच्या साइटवर चालतंय' असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक गल्लीत भेटेल. त्याच्या नादाला लागू नका. परवानगी असलेली टेबलं चोर्ला घाट उतरल्यावर गोव्यात, मांडवीतल्या कॅसिनोंवर. तिथं वय २१ पूर्ण लागतं. तिथं जाल तेव्हा एक जपा: आपण दोन-तीन मित्र एकत्र जातो, एकाच टेबलावर बसतो, आणि डाव चालू असताना मराठीत सहज बोलून जातो की 'मी राजा टाकला रे'. चालू डावात पानांबद्दल कुठल्याही भाषेत बोलणं नियमाविरुद्ध आहे, आणि बाकीच्यांना ती मिलीभगत वाटते. घरखर्चाचे, फीचे, कर्जाचे पैसे घेऊन घाट उतरू नका. हरले तरी महिना अडणार नाही तेवढेच न्या, आणि तेवढं बाजूला काढता येत नसेल तर जाऊच नका. शिकण्यासाठी गोव्याची गरजही नाही.

आम्ही टिळकवाडीत एका मित्राच्या माडीवर बसतो, चिप्सना पैशांची किंमत न ठेवता. त्यातला सगळ्यात उपयोगी सराव एकट्यानेही होतो. गड्डीतून दोन गुलाम काढून समोर ठेवा. उरलेली पानं पिसून तीन उलटा. मग वहीत दोन रकाने करा: पहिल्या जागेवरून रेझ करणाऱ्याच्या यादीतलं काय काय मला हरवतं आणि ते किती प्रकारे, काय काय मी हरवतो आणि ते किती प्रकारे. जोडी ६ प्रकारे, तिचं एक पान दिसलं की ३. दोन वेगळी पानं १६ प्रकारे, एक दिसलं की १२. एवढे चार आकडे पाठ असले की पुरतं. सुरुवातीला एका फ्लॉपला पाच मिनिटं लागतील, टेबलावर तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून वेग येईपर्यंत घरीच बसा. गुलाम जमले की त्यांच्या जागी दश्शी ठेवा, मग नव्वी, आणि तेच फ्लॉप पुन्हा मोजून बघा.