टेबलावरच्या युद्धनौका आणि विमाने: रंगवण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी अंतर ठरवावे. युद्धखेळातले, म्हणजे टेबलावर प्रतिकृती मांडून खेळायच्या लढाईतले, जहाज किंवा विमान काचेच्या कपाटातल्या मॉडेलप्रमाणे नाकासमोर धरून पाहिले जात नाही. टेबलापलीकडे उभा असलेला खेळाडू ते हातभर किंवा त्याहून अधिक अंतरावरून, वरून आणि थोडे तिरके पाहतो, आणि हे कोणाचे व हे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला एका नजरेत मिळावी लागतात. ज्याने लहानपणी दिवाळीचा किल्ला मांडला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पायथ्याच्या मावळ्याच्या मिशा कोणी निरखत नाही, पण त्याचे पागोटे कोणत्या रंगाचे आहे हे फाटकाबाहेरूनही दिसते. पुढे काय विकत घ्यायचे, काय घासायचे आणि काय मुद्दाम सोडून द्यायचे, हे सगळे या दोन प्रश्नांवरून ठरते.

त्यानंतर खेळ आणि प्रमाण (प्रतिकृती मूळ वस्तूच्या किती पट लहान) ही जोडी नक्की करावी. विमानांसाठी १/१४४, १/२००, १/३०० आणि १/६०० ही प्रमाणे, तर जहाजांसाठी १/१२००, १/१८००, १/२४०० आणि १/३००० ही प्रमाणे विशेष प्रचलित आहेत. मागणी नोंदवण्याआधी वहीत भागाकार करून प्रत्यक्ष लांबी लिहून ठेवावी, कारण कागदावरचा आकडा आणि हातातली वस्तू यांत फार फरक वाटतो. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयराच्या आकाशात चार भारतीय नॅट लढाऊ विमाने पाकिस्तानी सेबर विमानांना भिडली, तो प्रसंग मांडायचा असेल तर १/३०० मध्ये नॅटचा पंखविस्तार सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि सेबरचा पावणेचारच्या. म्हणजे नॅटचे इवलेपण, जे त्या विमानाचे खरे बळ होते, ते प्रमाणातूनच आपोआप दिसते. त्याच वर्षी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका १/२४०० मध्ये जेमतेम १६ मिलिमीटरच्या होतात; त्यांच्यासमोर बुडालेली खैबर ही विनाशिका पाच सेंटीमीटरांच्या आतबाहेर आणि आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांत सुमारे नऊ सेंटीमीटरांची. सोळा मिलिमीटरच्या नौकेवर क्षेपणास्त्रांच्या चार पेट्या स्पष्ट दिसल्या की काम झाले. कठडे, दोरखंड आणि खलाशी यांचा विचारही करू नये. कराचीचाच खेळ मुख्य असेल तर मी १/१२०० निवडावे असे सुचवीन. विमानवाहू नौका आणि मोठे ताफे हवे असतील तर १/२४०० ला पर्याय नाही.

संदर्भ गोळा करणे हे तयारीतले सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत आनंदाचे काम आहे, पण त्यालाही शिस्त हवी. प्रत्येक नगासाठी तीन गोष्टी निश्चित कराव्यात: वर्ष, आघाडी आणि तुकडी. एकाच विमानाचे रूप वर्षभरात बदललेले असू शकते. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतले स्पिटफायर वरून गडद हिरवे आणि मातकट तपकिरी असते. ऑगस्ट १९४१ पासून त्या तपकिरीची जागा समुद्री करड्याने घेतली, त्यामुळे करड्या-हिरव्या स्पिटफायरला १९४० च्या लढाईत उतरवणे चूक ठरते. अमेरिकी विमानांच्या पांढऱ्या ताऱ्यामधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी त्याची गल्लत होत होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळातला लाल रंगही त्याच कारणाने गेला आणि दोन निळ्या छटांचे वर्तुळ आले. १९४४ मध्ये इंफाळच्या बाजूला लढलेल्या भारतीय हरिकेन विमानांवर हेच चिन्ह काढावे. स्वातंत्र्यानंतरच्या विमानांवर तिरंगी वर्तुळ काढताना केशरी कडेला आणि हिरवा मध्यभागी येतो, हे घाईत हमखास उलटे होते. इटालियन युद्धनौकांच्या पुढच्या डेकवर लाल-पांढरे तिरके पट्टे होते, ते आपल्याच वैमानिकांनी वरून जहाज ओळखावे म्हणून. खऱ्या युद्धातही ओळख पटवण्याचीच अडचण होती, आणि ती सोडवण्यासाठी काढलेल्या या खुणा खेळाडूच्याही सर्वाधिक उपयोगाच्या आहेत. म्हणून पत्र्याच्या जोडरेषा शोधत बसण्यापूर्वी त्यांचा तक्ता तयार करावा.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवताना सावध असावे. त्या काळच्या काही फिल्मवर लाल आणि पिवळा जवळजवळ काळे उमटतात, त्यामुळे फोटोत गडद दिसणारा पट्टा प्रत्यक्षात पिवळाधमक असू शकतो. पुण्यातल्या घोरपडीच्या युद्धस्मारकात उभे असलेले मिग-२३ अवश्य पाहून यावे, पण रंगछटेसाठी नव्हे. उघड्यावरच्या विमानांना पुन्हापुन्हा रंग दिला जातो. तिथे पाहायचे ते ऊन आणि पाऊस पडून रंग कुठे विटतो, डाग कोणत्या दिशेने ओघळतात आणि सावली कुठे साचते. जहाजांच्या बाबतीत अमेरिकी नौदलाची बाविसाव्या क्रमांकाची रंगयोजना नवशिक्याला फार सोयीची आहे: खालचा भाग गडद निळा, वरचा फिकट करडा आणि मधली सीमारेषा पाण्याच्या पातळीला समांतर. जपानी क्रूझरांवर डेकला तपकिरी लिनोलियम (फरशीवर अंथरतात तसले आच्छादन) असे, त्यामुळे करड्या ताफ्यात ती जहाजे लगेच वेगळी उठून दिसतात. पहिल्या महायुद्धातली डोळे फसवणारी चट्टेरी रंगसंगती मात्र सुरुवातीला टाळावी; तिचा मूळ हेतूच जहाजाचा वेग आणि दिशा कळू न देणे हा होता आणि छोट्या नगावर ती तो हेतू फारच यशस्वीपणे पार पाडते.

रंगांची खरेदी संदर्भाचा तक्ता हातात असल्याशिवाय करू नये, नाहीतर घरात सात प्रकारचे करडे जमतात आणि हवा तो नेमका नसतो. शहरातून सिंहगड निळसर आणि फिका दिसतो, जवळ गेल्यावर हिरवा-काळा. अंतराने रंग फिकटतात, हा नियम छोट्या प्रतिकृतीलाही लागू करावा लागतो. मूळ छटेची बाटली जशीच्या तशी वापरली तर १/२४०० मधली करडी युद्धनौका टेबलावर काळा ठोकळा दिसते. म्हणून प्रत्येक गडद रंगाबरोबर त्याला उजळवणारा पांढरा किंवा फिका करडा घ्यावाच. आयात केलेले वालेहो किंवा तामिया रंग महाग पडतात, पण त्यांतले रंगकण बारीक असल्याने पातळ थर बसतो. आपल्याकडचे हस्तकलेचे ॲक्रिलिक रंग तळपट्टीवरचा (नग ज्या पट्टीवर उभा करतात तिच्यावरचा) समुद्र रंगवायला उत्तम आहेत. विमानाच्या पंखावर मात्र ते जाड बसतात आणि कोरीव तपशील बुजवतात. एक गडद तपकिरी वॉश (खाचांत साचून सावली दाखवणारा पातळ रंग) आणि एक काळपट करडा वॉश पुरतो. निव्वळ काळा वॉश घेऊ नये, त्याने नग मळका दिसतो.

आता हातकामाचे साहित्य. बारीक कानशी, पॉलिश पेपर, चिमटा, तार, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि त्याची पाती बोहरी आळीत मिळतात. कुंचले आणि कलेचे इतर सामान अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पाहावे. खण असलेले प्लास्टिकचे डबे तुळशीबागेत. कुंचले अगदी तीन शून्यांचे घेण्याचा मोह होतो, पण त्यात रंग इतका कमी राहतो की टोक नगाला लागेपर्यंत तो सुकलेला असतो. शून्य किंवा एक क्रमांकाचा, पोट भरलेला आणि टोकदार कुंचला बारीक कामही अधिक चांगले करतो. ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळवण्यासाठी, जुना, झडलेला कुंचला बाजूला ठेवावा.

नग हाती आल्यावर ते कशाचे आहेत हे पाहावे. व्हाइट मेटलच्या (कथिलाच्या मऊ मिश्रधातूच्या) नगांवर साच्याच्या रेषा आणि कडेला पातळ पापुद्रा राहतो. त्या धातूत शिसे असू शकते, म्हणून घासताना तोंडावर मास्क असावा, भुकटी ओल्या कपड्याने पुसावी, हात साबणाने धुवावेत आणि स्वयंपाकघरातले कोणतेही भांडे या कामाला लावू नये. रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) नगांवर साचा सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा थर असतो. भांडी घासायच्या द्रवसाबणाने कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने तो काढला नाही तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पोपड्यांनी निघतो. थ्री-डी प्रिंटरवर काढलेले नग चिकट लागत असतील तर ते पुरते पक्के झालेले नाहीत असे समजावे. विमानाच्या पोटातले, उड्डाणदांडीसाठीचे (विमान टेबलावर उंच धरणाऱ्या दांडीसाठीचे) छिद्र याच टप्प्यावर पाडावे आणि चुंबक बसवायचा असेल तर तोही आत्ताच. रंगवलेल्या विमानाला छिद्र पाडताना पंख वाकतो. मग प्रत्येक नग जुन्या बाटलीच्या बुचावर किंवा आइस्क्रीमच्या काडीवर तात्पुरता चिकटवून घ्यावा, म्हणजे बोटे रंगाला लागत नाहीत.

पुण्यात या सगळ्या वेळापत्रकावर खरा अंमल हवेचा चालतो. स्प्रेच्या डब्यातला प्रायमर नगावर पडला की त्यातला द्रावक झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि हवा दमट असेल तर बाष्प तिथेच धरते. परिणामी पांढुरका, दाणेदार थर बसतो आणि मॅट वार्निशच्या बाबतीत तर पूर्ण झालेले काम धुक्याखाली गेल्यासारखे होते. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः जुलै-ऑगस्टच्या संततधारेत, स्प्रेचा डबा कपाटातच ठेवावा आणि कुंचल्याने लावायचा पाण्यातला प्रायमर वापरावा. उघडीप मिळाली तरी आर्द्रतामापक पाहूनच निर्णय घ्यावा. साठ टक्क्यांच्या वर काटा असेल तर थांबणे शहाणपणाचे. एप्रिल-मेमधली दुपार उलट्या टोकाची: कोरड्या, तापलेल्या हवेत थेंब नगापर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो आणि वाळूसारखा खरखरीत पोत येतो. त्या दिवसांत सकाळी लवकर, ऊन गॅलरीत येण्याआधी काम उरकावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वोत्तम काळ, फक्त धूळ फार. ताज्या प्रायमरवर पालथा डबा झाकून ठेवावा. ज्यांना सवड आहे त्यांनी वर्षभराचे नग हिवाळ्यातच प्रायमर करून ठेवावेत आणि पावसाळ्यात निवांत कुंचला चालवावा. वाहनांसाठी मिळणारे स्वस्त स्प्रे धातूवर चालतात, पण त्यांतला तीव्र द्रावक प्लास्टिक मऊ करू शकतो. टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेतल्याशिवाय ते वापरू नयेत. स्प्रे करताना गॅलरी उघडी असावी, मास्क असावा आणि शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे आधी पाहावेत.

उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग मिनिटांत सुकतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर कागद असे ओले पॅलेट करून ठेवावे. बाजारातल्या काही बटर पेपरवर मेणाचा थर असतो आणि त्यातून ओल वर येत नाही. थेंब टाकून आधीच तपासावे.

डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) वापरायची असतील तर ती चकचकीत थरावरच लावावीत, कारण मॅट पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी कडा दिसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, तेव्हा भिजवायला फिल्टरचे पाणी घ्यावे. १/६०० च्या विमानांना मात्र डिकल्सपेक्षा दाभणाच्या टोकाने टेकवलेला रंगाचा ठिपका बरा.

शेवटी तळपट्ट्या, नावे आणि पेटी यांची सोयही आधीच करावी. तळपट्टीच्या मागच्या कडेवर जहाजाचे नाव ठळक लिहिण्याइतकी जागा सोडावी. खैबर आणि तिच्यासारखी दुसरी विनाशिका यांत खेळाच्या मध्यावर वाद होऊ नये. तळाशी चुंबकपट्टी लावावी आणि वाहतुकीच्या डब्यात पातळ लोखंडी पत्रा बसवावा, कारण हे सगळे बहुधा दुचाकीवरून न्यायचे असते आणि पुण्यातले गतिरोधक कोणत्याही ताफ्याची गय करत नाहीत. उड्डाणदांड्या विमानांपासून सुट्या होतील अशाच ठेवाव्यात आणि त्यांच्यासाठी डब्यात वेगळा खण राखावा.